परतीची वाट : विद्युतधारा आणि घरातील साधे परिपथ

विजेच्या दिव्याला एक तार का पुरत नाही, दोन का लागतात, या प्रश्नाचे नीट उत्तर ज्याला देता येते त्याला घरातील विजेचा निम्मा व्यवहार समजला आहे असे मानण्यास हरकत नाही. खटका, फ्यूज, शॉर्ट सर्किट, शॉक, अर्थिंग आणि अलीकडे मुख्य बोर्डात बसवले जाणारे आरसीसीबी नावाचे संरक्षक उपकरण या सर्व गोष्टी सुट्या सुट्या शिकाव्या लागतात असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात विद्युतधारा जिथून निघाली तिथे परत जाण्यासाठी तिला कोणती वाट मिळते, हा एकच प्रश्न प्रत्येक ठिकाणी विचारला की त्या आपोआप एका सूत्रात येतात. ही वाट येथे आधी टॉर्चच्या सेलपासून आणि मग घरातील बोर्डापासून डीपीपर्यंत, म्हणजे वस्तीला वीज पुरवणाऱ्या वितरण रोहित्रापर्यंत, तपासली आहे. त्यासाठी लागणारे गणित गुणाकार-भागाकारापलीकडचे नाही.

धातूच्या तारेत कोणत्याही एका अणूशी बांधील नसलेले असंख्य मुक्त इलेक्ट्रॉन असतात आणि त्यातील प्रत्येकावर अत्यल्प असा ऋण प्रभार असतो. त्यांची दिशाहीन धावपळ एरवीही चालूच असते, पण तारेची दोन टोके सेलला जोडली की त्या धावपळीत एका बाजूला सरकण्याचा मंद कल मिसळतो, आणि प्रभाराच्या या एकदिश सरकण्यालाच विद्युतधारा, म्हणजे व्यवहारातला करंट, म्हणतात. तारेच्या कोणत्याही छेदातून दर सेकंदाला किती प्रभार पुढे जातो यावरून धारेचे मोजमाप होते आणि त्याचे एकक, आंद्रे मारी अँपिअर (१७७५–१८३६) या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावावरून, ॲम्पिअर हे आहे. एक ॲम्पिअर धारेत दर सेकंदाला छेद ओलांडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची संख्या ६ वर १८ शून्ये दिल्यावर होणाऱ्या संख्येहूनही थोडी अधिक भरते. धारेची दिशा धन टोकाकडून ऋण टोकाकडे मानण्याचा संकेत इलेक्ट्रॉनचा शोध लागण्यापूर्वीचा असल्याने तो इलेक्ट्रॉनांच्या खऱ्या दिशेच्या उलटा आहे, परंतु त्यामुळे कोणतेही गणित चुकत नाही.

बटण दाबताच दिवा लागतो, यावरून इलेक्ट्रॉन तारेतून प्रचंड वेगाने धावत येत असावेत अशी समजूत होते, आणि ती पूर्णतः चुकीची आहे. इस्त्रीला लागणारी चार-साडेचार ॲम्पिअर धारा दीड चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून जाताना इलेक्ट्रॉनांच्या सरकण्याचा वेग सेकंदाला सुमारे ०.२ मिलिमीटर एवढाच असतो. त्यातही घरातील वीज सेकंदाला ५० आवर्तने करीत मागे-पुढे होणारी, म्हणजे प्रत्यावर्ती असल्याने, ते जागच्या जागी मिलिमीटरच्या जेमतेम हजाराव्या भागाएवढे हेलकावतात. वेगाने पसरतो तो इलेक्ट्रॉनांना ढकलणारा विद्युतक्षेत्राचा परिणाम. डीपीतून निघालेले इलेक्ट्रॉन घरात येऊन ‘खर्च’ होतात ही कल्पना त्यामुळे सोडून द्यावी लागते; इलेक्ट्रॉन तारेतलेच असतात, खर्च होते ती ऊर्जा, आणि उपकरणात जेवढी धारा शिरते तेवढीच बाहेर पडते. हे शेवटचे वाक्य पुढे आरसीसीबीच्या संदर्भात फार उपयोगी पडणार आहे.

प्रभाराला ढकलणाऱ्या कारणाला विभवांतर किंवा विद्युतदाब म्हणतात आणि ते व्होल्टमध्ये मोजतात. हे नाव इटलीच्या अलेस्सांद्रो व्होल्टाचे. त्याने १८०० मध्ये जस्त आणि चांदी किंवा तांबे यांच्या चकत्यांमध्ये खारवलेले ओले तुकडे ठेवून रचलेल्या चवडीतून प्रथमच टिकून राहणारी विद्युतधारा मिळवली. धारेला होणाऱ्या अडथळ्याला रोध म्हणतात आणि त्याचे एकक ओहम आहे. तापमान तेच राहिले तर धातूच्या वाहकातील धारा ही त्याच्या टोकांमधील विभवांतराच्या प्रमाणात बदलते, हा नियम जॉर्ज ओहम या जर्मन शिक्षकाने १८२७ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. विभवांतराला रोधाने भागले की धारा मिळते, असे त्याचे व्यवहारी रूप आहे. दोन सेलच्या टॉर्चमध्ये ३ व्होल्ट दाब आणि पेटलेल्या बल्बचा रोध १० ओहम असेल तर धारा ०.३ ॲम्पिअर भरते, इतके हे सोपे आहे.

दाब, धारा आणि रोध समजावताना गच्चीवरील टाकी, नळातले पाणी आणि नळाची जाडी यांचा दाखला बहुतेक पुस्तकांत दिलेला असतो आणि प्राथमिक समजुतीसाठी तो चांगलाच आहे, मात्र नेमक्या महत्त्वाच्या जागी तो फसवतो. नळाचे तोंड उघडे ठेवले तर पाणी बाहेर सांडत राहते; तारेचे टोक हवेत मोकळे सोडले तर धारा सांडत नाही, ती थांबते. हवा धारेला वाट देत नाही आणि परतीची वाट नसली की धारा निघतच नाही, म्हणूनच सेलच्या एका टोकापासून निघून बल्बमधून दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचणारी अखंड साखळी लागते. या साखळीला परिपथ किंवा सर्किट म्हणतात, आणि खटका म्हणजे ती मुद्दाम तोडण्याची व जोडण्याची सोय होय.

हे सर्व हाताने करून पाहावयाचे असेल तर टॉर्चचे दोन सेल, होल्डरसह एक टॉर्चचा बल्ब आणि वीतभर तारेचे काही तुकडे पुरतात. घरातील सॉकेट या प्रयोगांसाठी कदापि वापरू नये. तंतूच्या बल्बऐवजी एलईडी जोडायची असेल तर तिच्याबरोबर एक रोधक लावणे आवश्यक ठरते, कारण एलईडी ओहमच्या नियमाप्रमाणे वागत नाही आणि ठरावीक दाबापुढे तिच्यातील धारा एकदम भडकते. नऊ व्होल्टची बॅटरी आणि सुमारे २ व्होल्टची तांबडी एलईडी घेतल्यास उरलेले ७ व्होल्ट रोधकावर पडले पाहिजेत. धारा २० मिलिॲम्पिअर, म्हणजे ०.०२ ॲम्पिअर, ठेवायची तर ७ भागिले ०.०२ बरोबर ३५० ओहम रोध हवा, आणि बाजारात त्याच्या जवळचा व किंचित मोठा ३९० ओहमचा रोधक सहज मिळतो. मल्टिमीटर वापरताना दाब मोजायचा असल्यास त्याची टोके बल्बच्या दोन बाजूंना लावावीत आणि धारा मोजायची असल्यास परिपथ एका ठिकाणी तोडून मीटर त्या खंडात बसवावा. धारेच्या श्रेणीवर ठेवलेल्या मीटरचा रोध जवळजवळ शून्य असल्याने तो सेलच्या दोन टोकांवर थेट लावणे म्हणजे शॉर्ट सर्किट करणेच होय. सेलवर एवढी चूक मीटरच्या फ्यूजवर निभावते, घरातील सॉकेटवर ती मीटर फोडू शकते आणि हातही भाजू शकते.

परिपथात दोन उपकरणे एकामागोमाग एक जोडली की त्यांना एकसर जोडणी, वायरमनच्या भाषेत सिरीज, म्हणतात. तिच्यात वाट एकच असल्याने दोहोंतून धारा तेवढीच जाते आणि दाब मात्र रोधाच्या प्रमाणात वाटला जातो. याचा एक परिणाम अनेकांना खोटा वाटतो : ६० वॉट आणि १०० वॉटचे दोन जुन्या पद्धतीचे तंतूचे बल्ब एकसर जोडून २३० व्होल्टवर लावले तर ६० वॉटचा बल्ब अधिक तेजाने पेटतो. त्याचा रोध सुमारे ८८० ओहम आणि १०० वॉटच्या बल्बचा सुमारे ५३० ओहम. धारा दोघांत सारखीच असल्याने ज्याचा रोध मोठा त्याच्या वाट्याला दाबही मोठा आणि ऊर्जाही मोठी. (पूर्ण दाब न मिळाल्याने तंतू कमी तापतात आणि रोधाचे प्रत्यक्ष आकडे उतरतात, पण क्रम बदलत नाही.) दिवाळीतील जुन्या माळांमधील एक बारका दिवा गेला की अख्खा पट्टा अंधारतो, तोही याच जोडणीमुळे.

घरातील दिवे, पंखे आणि सॉकेट मात्र समांतर जोडलेले असतात, म्हणजे प्रत्येक उपकरणाचे एक टोक फेजला, म्हणजे दाब असलेल्या तारेला, आणि दुसरे न्यूट्रलला, म्हणजे परतीच्या तारेला, स्वतंत्रपणे लागलेले असते. त्यामुळे प्रत्येकाला पूर्ण २३० व्होल्ट मिळतात आणि एक बंद केल्याने दुसरे बंद पडत नाही. समांतर जोडणीत धारांची बेरीज होते. उपकरणे वाढवीत गेले की धारेला अधिकाधिक वाटा उपलब्ध होऊन एकूण रोध कमी होत जातो, आणि तितकी अधिक धारा मुख्य तारेतून वाहते. ‘जास्त उपकरणे लावली म्हणजे विजेला जास्त अडथळा’ हा तर्क त्यामुळे नेमका उलटा आहे. एकाच सॉकेटमध्ये मल्टिप्लग, त्यात दुसरा मल्टिप्लग अशी उतरंड लावणाऱ्या घरांत भिंतीतल्या तारेवर पडणारा भार हा या बेरजेचाच असतो.

उपकरणावरील पट्टीवर वॉट लिहिलेले असतात. वॉट म्हणजे दर सेकंदाला वापरली जाणारी ऊर्जा, आणि सामान्यतः दाब गुणिले धारा हा तिचा हिशेब. वॉटला २३० ने भागले की धारा मिळते : १००० वॉटची इस्त्री ४.३५ ॲम्पिअर, २००० वॉटचा गिझर ८.७ ॲम्पिअर, ९ वॉटचा एलईडी बल्ब ०.०४ ॲम्पिअर. मोटर असलेल्या उपकरणांत हा आकडा थोडा वाढतो आणि सुरू होण्याच्या क्षणी तर कित्येक पटींनी वाढतो, पण सॉकेट सहा ॲम्पिअरचा पुरेल की सोळाचा लागेल हे ठरवण्यास एवढा भागाकार पुरेसा आहे. १००० वॉटचे उपकरण तासभर चालले की वीजबिलातील एक युनिट होते, याहून अधिक त्या विषयावर येथे लिहिण्याची गरज नाही.

दाब उतरल्यावर काय होते हे मात्र थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. इस्त्रीचा रोध सुमारे ५३ ओहम. दाब २३० वरून २०० व्होल्टवर आला तर धाराही त्याच प्रमाणात घटते, आणि ऊर्जा ही दोहोंचा गुणाकार असल्याने १००० वॉटची इस्त्री ७५५ वॉटच्या आसपास येते. म्हणजे दाब सुमारे एक अष्टमांशाने उतरला आणि उष्णता जवळजवळ एक चतुर्थांशाने गेली. मोटरची गोष्ट याच्या उलट आहे, कारण विहिरीवरच्या पंपाला पाणी तितकेच उचलायचे असते आणि दाब कमी पडला की तो अधिक धारा ओढून ते काम भागवू पाहतो. धारा वाढली की गुंडाळी तापते, आणि कमी व्होल्टेजवर पंप जळतो तो असा.

तारेलाही स्वतःचा रोध असतो, लहान पण शून्य नव्हे, आणि त्यात निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे धारा दुप्पट झाली की तार चौपट तापते. १९१५ मध्ये खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईला वीज नेताना उच्च दाबाची वाहिनी उभारावी लागली ती याच कारणाने : दाब वाढवला की तेवढीच ऊर्जा कमी धारेने नेता येते. घरात हा प्रश्न लांबच्या एक्स्टेंशन बोर्डाच्या रूपाने उभा राहतो. तांब्याच्या दीड चौरस मिलिमीटर तारेचा रोध किलोमीटरला सुमारे १२ ओहम. अशा तारेच्या ३० मीटर लांबीच्या बोर्डावर ३००० वॉटचे उपकरण लावले तर धारा १३ ॲम्पिअर, आणि जाण्याची व परतीची मिळून ६० मीटर तार धरली तर रोध ०.७ ओहमच्या वर. दाब वाटेतच ९ व्होल्टने उतरतो आणि सुमारे १२० वॉट उष्णता तारेत मुरते. तार मोकळी पसरलेली असेल तर ती निघून जाते. तीच तार रिळावर गुंडाळलेली राहिली तर आतल्या वेटोळ्यांना उष्णता बाहेर टाकण्यास जागा नसते आणि वरचे प्लॅस्टिक मऊ होऊ लागते. जड उपकरण लावताना बोर्डाची तार पूर्ण सोडावी, हा नियम त्यासाठी आहे, आणि अर्ध्या चौरस मिलिमीटर तारेचे स्वस्त बोर्ड गिझर-इस्त्रीसाठी नसतातच.

जळालेल्या सॉकेटांचे खरे कारण मात्र बहुधा तारेच्या लांबीत नसून तिच्या टोकाशी असते. होल्डरच्या किंवा सॉकेटच्या स्क्रूखालची तार सैल झाली, तांब्याचा पृष्ठभाग काळवंडला, की त्या एका बिंदूचा रोध वाढतो. तो केवळ ०.१ ओहम झाला तरी १३ ॲम्पिअर धारेला तेथे १७ वॉट उष्णता निर्माण होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची साधी सोल्डरिंगची कावी २५ वॉटची असते, हे लक्षात घेतले म्हणजे टिकलीएवढ्या जागेतल्या १७ वॉटची तीव्रता कळते. अशा ठिकाणी फ्यूज उडत नाही आणि एमसीबी, म्हणजे फ्यूजचे काम करणारा आपोआप पडणारा खटका, तीही पडत नाही, कारण धारा वाढलेली नसते, उलट किंचित घटलेलीच असते. प्लग काढताना त्याची पिन बोटाला गरम लागणे, सॉकेटच्या भोकाभोवती पिवळसर-तपकिरी कडे येणे, जळक्या प्लॅस्टिकचा वास, ही लक्षणे दिसताच तो सॉकेट वापरणे थांबवून बदलून घ्यावा.

आता घरातील परिपथ. डीपीतून तीन फेज आणि एक न्यूट्रल अशा चार तारा निघतात. साध्या घराला त्यातील एक फेज आणि न्यूट्रल मिळतो. डीपीवर न्यूट्रल जमिनीला जोडलेला असल्याने जमिनीच्या तुलनेत त्याचा दाब शून्याच्या जवळ आणि फेजचा २३० व्होल्ट असतो. जमीन ही त्यामुळे धारेला परतीची दुसरी वाट ठरते, आणि घरातील विजेचा बहुतेक धोका या दुसऱ्या वाटेतूनच येतो.

खटका नेहमी फेजच्या तारेत असावा, न्यूट्रलमध्ये नव्हे, हा नियम येथून निघतो. न्यूट्रलमध्ये बसवलेल्या खटक्यानेही दिवा विझतोच, पण होल्डरपर्यंत फेज जिवंत राहतो आणि बल्ब बदलणाऱ्याचे बोट आतल्या पिनेला लागले तर त्याच्या शरीरातून व जमिनीतून परिपथ पूर्ण होतो. एलईडी बल्ब बंद केल्यावरही रात्री मिणमिणत असेल तर खटका चुकीच्या तारेत असण्याची शक्यता तपासून घ्यावी. खटक्यातील लहान निऑन दिव्यामुळे किंवा लांबवर शेजारी धावणाऱ्या तारांमुळेही तसे होते, म्हणून एवढ्यावरून वायरमनला दोष देणे बरोबर नाही.

टेस्टरचा दिवा पेटतो तोही परिपथ पूर्ण झाल्यामुळेच. त्याच्या आत निऑनचा बारका दिवा आणि लाखो ओहमचा रोधक एकसर असतात. फेजपासून निघालेली एक मिलिॲम्पिअरहूनही कमी धारा टेस्टरच्या टोपीवरील बोट, शरीर आणि जमीन या मार्गाने परतते. वापरण्यापूर्वी टेस्टर चालू असलेल्या माहितीच्या सॉकेटवर तपासावा, कारण ‘दिवा लागला नाही म्हणजे वीज नाही’ हा निष्कर्ष बिघडलेल्या टेस्टरने जिवावर बेतू शकतो. सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो आणि तरीही उपकरण चालत नाही, असा प्रकार पुष्कळदा आढळतो, आणि दोन फेज आल्याचा गैरसमज होतो. बहुतेक वेळा तेथे न्यूट्रल तुटलेला असतो : त्याच फांदीवर, म्हणजे बोर्डातून निघालेल्या त्याच उपपरिपथावर, चालू असलेल्या एखाद्या पंख्यातून वा दिव्यातून फेज पलीकडे उतरतो आणि परतीची वाट तुटल्याने तेथेच अडकून राहतो. त्या फांदीवरील सर्व खटके बंद करून, प्लग काढून पुन्हा पाहिले आणि एका भोकातला दिवा विझला, तर निदान पक्के.

हाच न्यूट्रल घराच्या आत न तुटता डीपीजवळ किंवा खांबावर तुटला तर नुकसान फार मोठे होते, आणि त्याचे गणित एकसर जोडणीचे आहे. वेगवेगळ्या फेजवरील दोन घरांचा सामाईक न्यूट्रल तुटला की दोन्ही घरे मिळून दोन फेजांमधील ४०० व्होल्टवर एकसर लागतात. पहिल्या घरात गिझर चालू असून तेथील एकूण रोध ४० ओहम आणि दुसऱ्या घरात टीव्ही, फ्रिज व पंखे मिळून १६० ओहम धरला, तर धारा २ ॲम्पिअर होते. पहिल्या घराला ८० व्होल्ट मिळतात आणि दुसऱ्याला ३२०. ज्याच्याकडे भार कमी त्याची उपकरणे जळतात. काही दिवे मंद आणि काही एकदम प्रखर झालेले दिसले, पंखे अचानक वेगाने फिरू लागले, तर क्षणाचाही विलंब न लावता मेन स्विच बंद करावा, शेजाऱ्यांनाही तसे करण्यास सांगावे आणि वीज कंपनीला कळवावे.

फेज आणि न्यूट्रल मध्ये कोणतेही उपकरण न येता एकमेकांना चिकटले म्हणजे शॉर्ट सर्किट होते. रोध नावापुरता उरल्याने धारा शेकडो ॲम्पिअरवर जाते आणि तारेतील सर्वांत कमकुवत जागा आधी वितळते. ती जागा आधीच ठरवून, हाताशी येईल अशा ठिकाणी ठेवणे म्हणजे फ्यूज. किटकॅट नावाच्या फ्यूज-धारकात फ्यूजच्या तारेऐवजी साध्या वायरच्या दोन-तीन काड्या पिळून बसवण्याची सवय ही संरक्षण काढून टाकण्याचीच रीत आहे. एमसीबी तेच काम दोन प्रकारे करते : थोडीशी जास्त धारा बराच वेळ वाहिली तर आतील द्विधातूची पट्टी तापून वाकते, आणि धारा एकदम उसळली तर चुंबक तत्काळ परिपथ तोडतो. एमसीबी उपकरणासाठी नसून भिंतीतल्या तारेसाठी असते हे ध्यानात ठेवावे. दिव्यांच्या दीड चौरस मिलिमीटर तारेवर ६ किंवा १० ॲम्पिअर आणि अडीच चौरस मिलिमीटरच्या पॉवर सॉकेटवर १६ ॲम्पिअर हे प्रमाण सर्वसाधारणपणे योग्य. ‘वारंवार पडते’ म्हणून दहाच्या जागी बत्तीसची बसवून घेणे म्हणजे तारेलाच फ्यूज बनवणे.

शॉकचा शरीरावर होणारा परिणाम धारेवर अवलंबून असतो. सुमारे १ मिलिॲम्पिअरला मुंग्या जाणवतात, १० मिलिॲम्पिअरच्या पुढे स्नायू आखडून पकडलेली वस्तू सुटेनाशी होते आणि ३० मिलिॲम्पिअरच्या वर काही काळ धारा वाहिल्यास श्वास व हृदय यांना धोका निर्माण होतो. ओल्या त्वचेच्या शरीराचा रोध हजार ओहम धरला तरी २३० व्होल्टला २३० मिलिॲम्पिअर होतात. पावसाळ्यात कपडे वाळत घालायची लोखंडी तार एखाद्या सोललेल्या वायरला टेकून जिवंत झाल्याने अपघात घडतात तेव्हा ओले हात, ओले कपडे, अनवाणी पाय आणि ओली जमीन हे सर्व एकाच परिपथात असतात. तेथे धातूच्या तारेऐवजी नायलॉनची दोरी बांधणे हा स्वस्तातला खरा उपाय आहे. कोणाला शॉक लागलेला दिसल्यास आधी मेन बंद करावा. ते शक्य नसेल तर स्वतः कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने त्या व्यक्तीला तारेपासून दूर करावे, हाताने ओढू नये.

अर्थिंग म्हणजे उपकरणाच्या धातूच्या अंगाला मुद्दाम दिलेली परतीची वाट. तीन पिनांच्या प्लगमधील वरची पिन जाड आणि लांब असते ती याच कामाची. लांब असल्याने ती सर्वांत आधी जोडली जाते आणि सर्वांत शेवटी सुटते. गिझरच्या आत फेज सुटून टाकीला टेकला तर धारा अर्थिंगच्या हिरव्या तारेने जमिनीत जावी आणि एमसीबी पडावी, अशी अपेक्षा असते. ही अपेक्षा किती पोकळ असू शकते हे आकड्यांत पाहावे. घराच्या अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध उन्हाळ्यात माती सुकल्याने २० ओहम झाला आहे आणि डीपीच्या अर्थिंगचा ५ ओहम आहे असे धरले, तर दोन्ही एकसर असल्याने २५ ओहम आणि धारा ९.२ ॲम्पिअर. सोळा ॲम्पिअरची एमसीबी एवढ्या धारेला जागची हलतही नाही, आणि गिझरच्या अंगावर ९.२ गुणिले २०, म्हणजे १८४ व्होल्ट दाब तसाच उभा राहतो. कोळसा-मीठ घातलेल्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी ओतण्याची जुनी पद्धत त्यामुळे अर्थपूर्ण आहे, पण पुरेशी नाही.

हा उरलेला धोका आरसीसीबी झाकते, जिला बाजारात अनेकजण अजून ईएलसीबीच म्हणतात. फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा तिच्या आतल्या एका कड्यातून जातात. गेलेली आणि परतलेली धारा समान असेल तर त्यांचे चुंबकीय परिणाम परस्परांना रद्द करतात, आणि ३० मिलिॲम्पिअर धारा जरी दुसऱ्या वाटेने, जमिनीतून, निघून गेली तरी तो तोल ढळून सेकंदाच्या अंशात परिपथ तुटतो. वरच्या उदाहरणातील ९.२ ॲम्पिअर गळती तिच्या मर्यादेच्या तीनशे पट असल्याने ती लगेच पडेल. मात्र कोणी एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल पकडला तर गेलेली धारा न्यूट्रलनेच परतते, आरसीसीबीच्या दृष्टीने ती व्यक्ती एखाद्या बल्बहून वेगळी नसते आणि ती पडत नाही. महिन्यातून एकदा तिचे परीक्षणाचे बटण दाबून पाहावे. त्याने आतून एक लहानशी गळती मुद्दाम घडवली जाते आणि यंत्रणा चालते की नाही ते कळते, पण अर्थिंग चांगले आहे की नाही याबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

पावसाळ्यात आरसीसीबी वारंवार पडू लागली की तिला वगळून सरळ जोडणी करून देण्याचा सल्ला मिळतो, आणि तो मानू नये. आधी सर्व प्लग काढून ती टिकते का पाहावे. टिकली तर उपकरणे एकेक करून लावावीत, आणि गिझरचे किंवा इस्त्रीचे हीटिंग एलिमेंट, ओल शिरलेला पाण्याचा पंप किंवा धुलाईयंत्र हे संशयित आधी घ्यावेत. प्लग काढूनही पडत असेल तर दोष भिंतीत आहे : ओल धरलेला बाहेरचा दिवा, किंवा एखाद्या ठिकाणी न्यूट्रल आणि अर्थ यांची झालेली गाठ. येथे खटके बंद करून भागत नाही, कारण खटका फक्त फेज तोडतो आणि न्यूट्रल जोडलेलाच राहतो. इन्व्हर्टर नव्याने बसवल्यापासून त्रास सुरू झाला असेल तर इन्व्हर्टरवरील दिव्यांचा न्यूट्रल आरसीसीबीच्या दुसऱ्या बाजूच्या न्यूट्रल पट्टीला लागला आहे का हे वायरमनकडून तपासून घ्यावे. तसे असल्यास धारा एका वाटेने जाते आणि दुसऱ्या वाटेने परतते, आणि घरात कोठेही गळती नसताना आरसीसीबी पडत राहते.